इंडी आठ वर्षांची होऊ नये म्हणून

२२ सप्टेंबर, सोमवार
पहाटे साडेचारला आई कामावर गेली तर सात वर्षांच्या मुलीजवळ कोण थांबणार? आज रोंडा पिकेट यांनी टेबलापलीकडून हे विचारलं. मला उत्तर येत नाही. तसं त्यांना सांगितलं नाही. मी "चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि वहीत लिहून घेतला.

रोंडा एकट्या आहेत. मुलगी इंडी १७ नोव्हेंबरला आठ वर्षांची होईल. सरकारी नियमाप्रमाणे त्याच दिवशी एकट्या पालकाचा भत्ता बंद, बेकारभत्ता सुरू. तो इतका कमी की घरभाडं निघत नाही. तोवर नोकरी मिळाली नाही तर त्या इंडीला घेऊन ब्रिस्बेनला, बहिणीच्या गॅरेजमध्ये राहायला जाणार. गावात भरती एकाच ठिकाणी चालू आहे: मांसाचा कारखाना, पहाटे पाच ते दुपारी चार.

पण गावात नोकरी लावून देणारी एजन्सी आहे, आणि तिथे मी आहे. आठ आठवडे पुष्कळ झाले.

२९ सप्टेंबर
योजना तयार. आठ पायऱ्या, आठ रंग. भिंतीवर लावली. साहेब, म्हणजे ग्लेन, म्हणाले की भिंतीचा रंग नवा आहे, चिकटपट्टी लावू नकोस. आता योजना कपाटात आहे, पण कुठे आहे ते मला माहीत आहे.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "घराण्यात पहिली पदवी तुझी. आता जगाला नोकऱ्या लावतेस, तर आधी सोफ्यावरच्याला लाव." सोफ्यावर माझा भाऊ डेन असतो. त्याला अजून योजनेत घेतलेलं नाही.

१४ ऑक्टोबर
आत्मविश्वासाची कार्यशाळा. सात आयांना बोलावलं होतं, दुपारी तीनला. कोणी आलं नाही. शाळा तीनला सुटते, हे मागाहून लक्षात आलं. सगळं भाषण रिकाम्या खुर्च्यांना दिलं. फार चांगलं झालं.

२१ ऑक्टोबर
शाळेच्या वेळेतल्या नोकऱ्या शोधल्या. दोन सापडल्या.

एक, शाळेच्या कॅन्टीनमध्ये. पगार नाही. रोंडा ती तीन वर्षं करत आहेत.

दोन, मुलांना रस्ता ओलांडून देणं. ती मिस्टर हॅलोरन करतात. वय एकोणऐंशी. मी आडून आडून विचारलं. म्हणाले, "मी मेलो की घे." प्रकृती ठणठणीत दिसली.

२८ ऑक्टोबर
माणुसकीचा स्पर्श हवा म्हणून इंडीला आगाऊ शुभेच्छापत्र पाठवलं. एक फुगा काढला. खाली लिहिलं, "तू आठ वर्षांची झालीस की आई कामाला जायला मोकळी."

३१ ऑक्टोबर
रोंडांचा फोन. इंडीने आठ वर्षांची व्हायला नकार दिला आहे. केक रद्द केला. रोंडा म्हणाल्या, "पोरी, तुझं पत्र तिने फ्रिजवर लावलंय. खाली लिहिलंय, नको."

४ नोव्हेंबर
मेलबर्नची घोड्यांची शर्यत, सगळे ती बघायला गेले, त्यामुळे ऑफिसात मी एकटीच. शाळेतल्या बाईंचा फोन आला. वर्गातली आणखी चार मुलं आठची होणार नाहीत. चौघांच्याही आया एकट्या आहेत. गणिताच्या तासाला सातानंतर काय येतं विचारलं, तर सगळा वर्ग गप्प. बाई म्हणाल्या, "तुम्ही नक्की काय काम करता?" मी सविस्तर सांगितलं. त्यांनी मध्येच फोन ठेवला. लाइन खराब असावी.

६ नोव्हेंबर
इंडीला भेटून समजावलं. नियम जन्मदाखल्यावर चालतो, इच्छेवर नाही. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मी सातची असले की सकाळी आई असते. आठची झाले की कोण असतं?"
मी लिहून घेतलं.

१० नोव्हेंबर
यश. रोंडांना कारखान्यात घेतलं. सोमवारी, १७ तारखेला पहाटे हजर व्हायचं. फाइलवर हिरवी खूण केली. रोंडा म्हणाल्या, "खूण छान आहे. पोरीजवळ कोण?" मी डेनचं नाव दिलं. तो चक्क हो म्हणाला. एका दगडात दोन पक्षी.

१३ नोव्हेंबर
रंगीत तालीम. रोंडा ठरल्याप्रमाणे साडेचारला घराबाहेर पडल्या. डेन पहाटे रोंडांच्या सोफ्यावर पोचला आणि झोपला. इंडीने एकटीने आवरलं, त्याला टोस्ट करून ठेवला, अंगावर चादर घातली आणि शाळेत गेली. दुपारी बारा वाजता डेनने मला फोन करून विचारलं, पोरगी कुठे आहे. मी धावत शाळेत गेले. ती वर्गात होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रोंडा सामान बांधत आहेत. सोमवारी सकाळी कारखान्याला 'येत नाही' असं कळवणार. म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं. तू मनापासून केलंस." हे ऐकून फार वाईट वाटलं. इंडी आपली पुस्तकं खोक्यात भरत होती. तिने खोक्यावर वय लिहिलं होतं: ७.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी १०
काल संध्याकाळी माझी गादी रोंडांच्या पुढच्या खोलीत टाकली आणि त्यांना म्हटलं, पोरीजवळ मी. त्या साडेचारला कारखान्यात गेल्या. इंडीला मी उठवलं, डबा दिला, वेणी घातली. वेणी तिने परत सोडून स्वतः घातली. शाळेच्या फाटकाशी म्हणाली, ठीक आहे, आठ.

मी ऑफिसात दीड तास उशिरा पोचले. ग्लेनना म्हटलं, हे आता रोजचं आहे आणि तीनच्या आधी मला निघावं लागेल. ते म्हणाले, असे तास अर्ध्या पगाराचे असतात, अर्ज कर. अर्जात कारण विचारलं होतं. मी लिहिलं, मूल शाळेत जातं. ग्लेन म्हणाले, "कुणाचं मूल?" तोवर मी सही करून अर्ज त्यांच्या हातात दिला होता.