पायाला पाणी लावायचं नाही

३ ऑगस्ट
आजपासून रोज लिहायचं. मोठे शोध लागतात आणि मागाहून सुरुवातीची टिपणंच सापडत नाहीत, तसं माझ्या बाबतीत होता कामा नये.
डिसेंबरात प्राचीचं लग्न. त्याआधी औषध. जेवताना आईला स्पष्ट सांगून टाकलं, नातीवर अक्षता टाकायला तू मांडवात उभी राहशील, आणि तेव्हा पाय उतरलेला असेल. आई पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली! मानसी ताटं उचलून आत गेली. बायकोला विज्ञानात पहिल्यापासून रस नाही.

४ ऑगस्ट
इतिहासासाठी नोंद. आईचा डावा पाय, हत्तीरोग. मालवणकडच्या आमच्या गावात डास चावले, त्यातून जंत अंगात गेले. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा सूज घोट्यापुरती होती. आता गुडघ्यापर्यंत. बाबांची जुनी सँडल पट्टा कापून घालते, तीही घरातल्या घरात. गल्लीतला गणपती गॅलरीतूनच बघते. लोक पायाकडे बघतात म्हणून कुणाच्या लग्नाला जात नाही. प्राचीच्या लग्नाला मात्र जायचंच म्हणते. सासरची माणसं काय म्हणतील, हे रोज एकदा विचारते. मी म्हणतो, काही म्हणणार नाहीत, पाय असेलच कुठे तेव्हा असा!
लहानपणी तिला शब्द दिला होता, मोठा होऊन औषध काढीन. त्यासाठीच परळच्या या लॅबमध्ये चिकटलो. बाकीचे कुठल्या कुठे गेले. मी नाही गेलो.

९ ऑगस्ट, रात्री
मूर्ख प्रसंग. प्रयोगाला म्हशीच्या पोटातले जंत लागतात, माणसातल्या जंतांचे ते चुलतभाऊ. देवनारच्या कत्तलखान्यातून गरम पाण्यात आणावे लागतात, नाहीतर वाटेतच मरतात. लॅबचा थर्मास फुटला म्हणून घरचा नेला. स्वच्छ धुऊनही ठेवला होता. मानसीने झाकणाला चिकटलेलं शेवईसारखं काहीतरी बघितलं आणि विचारलं, हे काय. मी खोटं बोलत नाही.
दिवसभर अबोला. थर्मास कचऱ्यात. चांगला होता.

१४ ऑगस्ट
सापडलं!
माझं संयुग, केएम-९. केएम म्हणजे कमल, आईचं नाव. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. काल जंतांवर टाकलं, आज सगळे गार. एकही वळवळत नाही. गंमत म्हणजे शेजारच्या खणातले, ज्यांना औषध दिलंच नव्हतं, नुसता ते विरघळवायचा द्रव दिला होता, तेही मेले. म्हणजे केएम-९ ची नुसती वाफसुद्धा पुरते. एवढी ताकद मी धरलीच नव्हती.
घरी पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले.

१८ ऑगस्ट
वैभवला दाखवलं. वैभव माझ्यापेक्षा लहान आणि माझा बॉस. त्याने आकडे बघून विचारलं, प्रफुल्ल सर, द्रव किती घातला होता? सांगितलं. म्हणाला, एवढ्यात कुठलाही जंत मरेल, औषध असो नसो. पातळ करून परत करा.
मत्सर. दुसरं काय.

२ सप्टेंबर
मानसी आईला हत्तीरोगाच्या ओपीडीत घेऊन गेली. मला हाफ डे टाकून जावं लागलं. डॉ. मृणालिनी, बोलायला गोड. पायाला तेल-हळदीचं फडकं का बांधता, पाय धुता का, असं विचारलं. आईने सांगितलं, पाण्यान सूज चढता, माझ्या आवशीन सांगलेला. गावात सगळे असंच मानतात. डॉक्टर म्हणाली, उलट आहे आजी. रोज साबणाने धुवायचा, बोटांची बेचकी कोरडी करायची, झोपताना पाय उंच ठेवायचा. बेचकीतल्या भेगांमधून जंतू शिरतात, मग ताप येतो आणि प्रत्येक तापाला सूज वाढते. मानसीने तिथेच पाय धुवून बघितला. आई भिंतीकडे तोंड करून बसली. सुनेसमोर पाय उघडा करायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं.
मी केएम-९ ची ओळख करून दिली. डॉक्टरने ऐकून घेतलं. मग बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, सर, तुम्हाला तर माहीतच असेल, आईंच्या अंगातले जंत कधीच मेलेत. औषध निघालं तर पुढच्यांना उपयोग होईल, निघायलाच हवं. पण हा पाय त्याने उतरणार नाही.
मला माहीत आहे. पण प्रत्येक पेशंट वेगळा असतो. ओपीडीत बसणाऱ्यांना दूरदृष्टी नसते.

३ सप्टेंबर
मानसी बादली घेऊन आली. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे, तिला नको असेल तर जबरदस्ती नको. औषध येतंयच. आई लगेच म्हणाली, बघ, तो शिकलेलो आसा. मानसीने बादली मोरीत ओतली. जोरात.

११ ऑक्टोबर
रोज लिहायचं राहिलं. आईला थंडी वाजून ताप. पाय लालबुंद, हात लावू देत नाही. हवा बदलली की होतं. गोळ्यांनी उतरला. सूज मात्र किंचित वर सरकली. मांडी घालून बसत नाही आता.
पातळ द्रव घालून प्रयोग परत केला. जंत मजेत. देवनारच्या म्हशी हल्ली फारच दणकट येतात.

२० ऑक्टोबर
ओपीडीतून फोन. मापाची चप्पल करून देणारा कारागीर आलाय, आजींना आणा. लग्नात घालता येईल. मी नको सांगितलं. पाय उतरल्यावर ती चप्पल सैल होणार, तेव्हा कुणाच्या गळ्यात घालायची? आईलाही पटलं. मानसी काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं असावं.

६ नोव्हेंबर
प्राची आजीजवळ बसून रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, बाबा, तुम्ही तिला खरं का सांगत नाही? काय खरं? मी म्हटलं, संशोधनाला वेळ लागतो, तू साड्या बघ. सासरी जायच्या आधी मुली हळव्या होतातच.

१३ नोव्हेंबर
वैभवने केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. केएम-९ बंद. जंत मरायला जेवढं औषध लागतं तेवढ्यात माणसाच्या पेशी आधी मरतात. असं शंभरातल्या नव्याण्णव संयुगांचं होतं सर, तुमचा दोष नाही, म्हणाला. मलेरियाच्या टीममध्ये या, तिथे माणसं हवीत.
विचार करतो म्हटलं. केएम-१० डोक्यात आहे. आईला सांगितलं, थोडासा उशीर. म्हणाली, लग्नाआधी होईल ना? हो म्हटलं. काय म्हणणार!

२ डिसेंबर
आईला पुन्हा ताप. हवेचाच. लग्नाची गडबड, डॉक्टरकडे उद्या नेऊ.

३ डिसेंबर
हॉल, केटरर, भटजी. उद्या नेऊ.

४ डिसेंबर, दुपार
आई बरळतेय. मानसीने मला न विचारता टॅक्सी बोलावली. शेजारच्या राहुलने खुर्चीत बसवून खाली उतरवलं. फडकं सोडलं तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने मान फिरवली. बेचकीत पू. जंतुसंसर्ग रक्तात गेलाय म्हणाले. डॉ. मृणालिनी आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर
लग्न लागलं, दादरला. पुढे ढकला म्हणत होती प्राची, पण आईनेच हात हलवून नको म्हटलं होतं. पाहुणे विचारत होते, आजी कुठे. मी म्हणत होतो, जरा ताप आहे. अक्षतांच्या वेळी मूठ भरून घेतली आणि सगळ्यांनी टाकल्या तरी माझी मूठ उघडेना. मानसीने बोटं सोडवली.

८ डिसेंबर, संध्याकाळी
घरी पाहुणे, म्हणून मानसी तिकडे. वॉर्डात मी. काही सांगता येत नाही म्हणाले. सिस्टरने टब, साबण आणि टॉवेल पुढे ठेवला. नातेवाइकांनी शिकायला हवं, म्हणाली, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. मी आजूबाजूला बघितलं. नातेवाईक मीच होतो.
आईच्या डाव्या पायाला मी कधी हात लावला नव्हता. नमस्कारसुद्धा उजव्यालाच. कोमट पाणी घातलं. साबण लावला. घड्यांमध्ये, मग एकेका बोटाच्या मध्ये. किती हळू करावं लागतं! पाणी गढूळ झालं, बदललं. पुन्हा.
आईने डोळे उघडले. लग्न झाला? विचारलं. झालं म्हटलं. प्राची रडली? रडली. मग बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. बरा वाटता रे झिला, म्हणाली. ह्यांच काय तां औषद?
होय, म्हटलं.
तर म्हणाली, मगे इतकी वर्सां खंय ठेवलेलंस?
मी टॉवेल घेतला आणि बोटं कोरडी करत राहिलो.