रडूबाई

११ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं असं समजू नकोस. बरंचसं खरंच ठीक आहे. पायातला रॉड बसला. काठी घेऊन जिना उतरतो. चढताना मात्र ताई मागे उभी राहते, मी पडलो तर झेलणार असल्यासारखी. तिला म्हटलं, मी पडलो तर तू चपटी होशील. म्हणाली, "होऊ दे. तुझ्याखाली काहीतरी मऊ तरी असेल."

फोन करू नकोस. माझा आवाज ऐकला की तू बोलायचा थांबतोस, आणि मग दोघांचं मला एकट्याला बोलावं लागतं. डॉक्टर म्हणतात, गळा आतून भाजला होता तो भरला, पण आवाज असाच राहणार. मास्क कसा निघाला, असं त्यांनी पुन्हा विचारलं. सरकला म्हणून सांगितलं.

ताईनं मला तिच्या शिवणाच्या खोलीत ठेवलं आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसतो, आग लागली तर उतरायचा. त्याच्या पायथ्याशी कोणीतरी जुनं कपाट आणून ठेवलं आहे. वरून धावत आलेला माणूस थेट कपाटावर आपटेल. आधी जाऊन सांगणार होतो. आता नुसतं बघतो.

व्यायाम करून घ्यायला एक बाई येते. पहिल्या दिवशी सारखी म्हणत होती, हला, थोडं अजून हला. तिला म्हटलं, तो शब्द सोडून दुसरं काहीही म्हणा. सरका म्हणा. आता ती "सरका" म्हणते आणि ताईकडे बघते.

ताईनं परवा विचारलं, तुम्ही दोघं सारखं रडूबाई रडूबाई करता ती कोण रे बया? मी समजावून सांगितलं. आम्ही आग विझवायला धुरात शिरतो तेव्हा प्रत्येकाच्या पट्ट्यावर एक डबी असते. शिरताना तिची चावी काढून बाहेर फळ्यावर लावायची, म्हणजे आत कोण आहे ते फळ्यावरच्या माणसाला कळतं आणि डबी जागी होते. आतला माणूस थोडा वेळ जरी हलला नाही, तरी ती आधी कुरकुरते. कंबर हलवली की गप्प बसते. नाही हलवली तर रडायला लागते, कान फाटतील अशी, आणि मग फळ्यावरच्या चावीशिवाय थांबत नाही.

"म्हणजे माणूस बेशुद्ध पडला तर कळावं म्हणून."

"हो. पण निम्म्या वेळा माणूस नुसता दम खात उभा असतो. मग बाहेरून कोणीतरी ओरडतं, 'हल रे!' आणि आतला कमरेला झटका देऊन म्हणतो, 'हलतोय!'"

"नाचल्यासारखा?"

"नाचल्यासारखाच."

ती हसली. मग म्हणाली, तुमच्यातला तो उंच जिराफ कसा दिसत असेल तसा नाचताना. ती त्याला एकदाच भेटली होती. तिच्या दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ आपटलं होतं. तो गेल्यापासून ती चौकट पुसताना वरचा भाग सोडून देते.

वहिनीचा ताईला फोन आला होता. तू कामावर जात नाहीस आणि रात्री बूट घालून झोपतोस म्हणाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. तू लिहिलंस, बाकी काही सांगू नकोस, त्या गाद्यांच्या गोदामात तुम्ही शुद्धीवर होता का आणि आमचा आवाज आत येत होता का, एवढंच सांग.

नाही. माळा खाली आला तेव्हाच आम्हा दोघांचीही शुद्ध गेली. जिराफला काही कळलं नाही. मला एकदम दवाखान्यातलं छत दिसलं. मधलं काही नाही.

आता बूट काढून झोप.

तुझा धाकटा


२ मार्च

दादा,

नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा ताईनं ते हातात तोलून बघितलं आणि म्हणाली, "जाड आहे. म्हणजे माणूस सुधारतोय." तू प्रशिक्षण केंद्रात परत शिकवायला लागलास हे वाचून तिनं दोनदा हात जोडून कपाळाला लावले, आनंदानं. वहिनीचंही कळलं. बूट दाराबाहेर असतात म्हणे.

नव्या बॅचचं तू लिहिलंस ते वाचलं. पहिल्याच दिवशी धुराच्या खोलीत एकाची रडूबाई सुरू झाली आणि तू तोंड उघडायच्या आधी सगळी बॅच एका सुरात ओरडली, "हल रे!" आतून उत्तर आलं, "हलतोय!" कोणी शिकवलं नव्हतं, आधीच्या बॅचकडून ऐकून आले होते. तू हसलास. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसलो, असं लिहिलंस.

मी ते पत्र ताईला वाचून दाखवलं. त्या ओळीपर्यंत. पुढे आवाज संपला, असं तिला सांगितलं. ते तिला पटतं.

दादा, त्या पोराची डबी कुरकुरत होती की रडत होती?

तू लिहिलं नाहीस म्हणून विचारतो. कुरकुरत असेल तर ठीक. रडत असेल तर तुला ठाऊक आहे, पुस्तकाप्रमाणे सगळं काम थांबायला हवं. सगळ्यांनी गप्प व्हायचं, आवाज कुठून येतो ते ऐकायचं, फळ्यावरच्या चाव्या बघायच्या. आपणच ते सोडलं. 'हल रे' तू आणलंस, 'हलतोय' मी जोडलं. मजा येत होती.

त्यांना ओरडू देऊ नकोस. कारण विचारू नकोस, माझ्यासाठी म्हणून कर.

तुझा तो पहिला धडा अजून शिकवतोस का? मी तुझ्याच हाताखाली शिकलो, तेव्हा माझी कॉलर धरून सांगितला होतास. ओरडतो त्याच्याकडे नंतर जा. ओरडतोय म्हणजे त्याच्या छातीत हवा आहे. जो गप्प आहे त्याला आधी शोध. तेव्हा मला ते फार क्रूर वाटलं होतं. कोणी जिवाच्या आकांतानं हाक मारतोय आणि त्याला ओलांडून पुढे जायचं. तू म्हणालास, "क्रूर वाटतंय ना? मग नीट समजलंय तुला."

ताई जेवायला बोलावते आहे. पाय दुखतो, पण ते सांगण्यासारखं नाही. समोरचं कपाट अजून तिथेच आहे.

तुझा धाकटा


१९ मार्च

दादा,

नमस्कार. पाय तसाच. ताई बरी आहे.

तू लिहितोस, मी उगाच मनाला लावून घेतो. धुरात पोरं घाबरतात, एकदम ओरडली की भीती जाते, आणि हसतखेळत शिकलेलं लक्षात राहतं. हे सगळं खरं आहे. पुढे लिहितोस, "आणि त्या दिवशीचं वेगळं होतं. तुम्ही शुद्धीवरच नव्हता. आम्ही ओरडलो काय आणि न ओरडलो काय."

हे वाक्य मी तुला दिलं. आता परत घेतो आहे. बसून वाच. वहिनी घरात असू दे.

आम्ही शुद्धीवर होतो.

माळा आला तेव्हा माझा पाय तुळईखाली गेला. वॉकीटॉकी अंगाखाली राहिला, हात पोचत नव्हता. जिराफ माझ्या बाजूला उताणा पडला होता, छातीवर गाद्यांचा गठ्ठा, त्यावर लोखंड. त्याचा मास्क उडाला होता. मागचं शटर आमच्या डोक्याशी होतं. तुझा फळा शटरच्या त्या बाजूला. खालच्या फटीतून तुझ्या बॅटरीचा उजेड आत येत होता, तो मी ओळखला. तू बॅटरी सारखी हलवतोस.

दोन्ही रडूबाया आधी कुरकुरल्या. मग रडायला लागल्या. मला हायसं वाटलं, दादा. वाटलं, सुटलो. आता दादाला कळलं.

बाहेर पायऱ्यांवर नुकतीच बाहेर पडलेली दुसरी जोडी दम खात बसली होती, पट्ट्यावरच्या डब्या अजून चालूच. पंपाच्या घरघरीतूनही त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"तुझी रडतेय रे."

"माझी कुठे, तुझीच."

"बघ की नीट, बहिऱ्या."

मग तुझा आवाज आला. "पुतळे झालात काय रे? हला!"

कोणीतरी हसलं.

जिराफनं डोळे उघडले. नाकातोंडातून तो नुसता धूर घेत होता. त्यानं कंबर हलवायचा प्रयत्न केला. गठ्ठा जराही हलला नाही. आणि तो म्हणाला, "हलतोय."

तू ओरडलास म्हणून त्यानं उत्तर दिलं. मदत मागितली नाही. आईचं नाव घेतलं नाही. पुन्हा एकदा म्हणाला, आधीपेक्षा हळू. मग नुसते ओठ.

माझा मास्क सरकला नव्हता. मी काढला. मास्कमधून मारलेली हाक शटरच्या पलीकडे जात नव्हती. काही झालं तरी मास्क काढायचा नाही हे आपण पहिल्या दिवशी शिकवतो, मीही शिकवलं आहे. काढला आणि तुला हाक मारली. निम्मीच निघाली. बाकीची अजून निघत नाही.

नंतरचं तुला माहीत आहे. तू चाव्या मोजल्यास, बाहेर आलेल्यांपेक्षा दोन जास्त निघाल्या, तू वेड्यासारखं शटर कापलंस. माझा पाय तूच मोकळा केलास. जिराफला बाहेर आणून ठेवलं तरी त्याची रडूबाई थांबत नव्हती. तू त्याची चावी घेऊन वाकला होतास आणि तुला डबीचं भोक सापडत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कोणीतरी तुझ्या हातातून चावी घेतली. तेही मी बघितलं. दवाखान्याचं छत फार नंतर आलं.

त्याची आई मला दवाखान्यात भेटायला आली होती. शेवटी काही म्हणाला का, असं तिनं विचारलं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. मला बोलायची बंदी होती, त्यामुळे सोपं गेलं.

तुला खोटं लिहिलं ते तू झोपावंस म्हणून. तू झोपलास. मग उठून त्या पोरांना तेच शिकवायला लागलास.

तुझ्यावर राग आहे का, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारतो आहे. कधीकधी आहे. ताई चहा ठेवते, खिडकीत ऊन येतं, आणि मला ते हसणं ऐकू येतं, तेव्हा असतो. पण फळ्यावर मी असतो आणि आत तू, तर मीही तेच ओरडलो असतो. याहून वेगळं मनाला पटवता आलेलं नाही. शिवाय 'हलतोय' माझं होतं. तो माझं वाक्य म्हणत गेला.

आता तुझ्या सगळ्या बॅचला ते पाठ आहे. रडूबाई रडली की त्यांना हसू येतं. दोन वर्षांनी ती पोरं कुठल्यातरी शटरच्या दोन बाजूंना असतील.

उद्या वर्गात जा. एकाला आत झोपव आणि त्याची रडू दे. कोणी तोंड उघडायचं नाही. पुरेसा वेळ रडू दे, त्यांना नको होईपर्यंत. मग जिराफ काय म्हणाला ते सांग. सांगता आलं नाही तर हे पत्र वाचून दाखव.

हे वाचल्यावर तू वर्गात उभा राहू शकशील की नाही, मला माहीत नाही. बूट पुन्हा घरात येतील, वहिनी पुन्हा फोन करेल. ताई मला विचारेल, काय लिहिलंस त्याला. या सगळ्याचा विचार केला. आठवडाभर हे पत्र लिहिलं नाही, कपाटाकडे बघत बसलो. एका बाजूला तुझी झोप आणि दुसऱ्या बाजूला मी ज्यांची तोंडंही पाहिलेली नाहीत अशी पोरं. आधी कोणाकडे जायचं ते तूच शिकवलं आहेस. तू अजून ओरडतो आहेस, दादा. तुझ्या छातीत हवा आहे. मी तुला ओलांडून पुढे गेलो.

उत्तर पाठव. शिव्या लिही, पानं भरून लिही, चालेल. गप्प मात्र होऊ नकोस. तू गप्प झालास तर मला तुला शोधायला यावं लागेल, आणि मला तर ताईचा जिनाही धड चढता येत नाही.

तुझा धाकटा