गाडीचं बियाणं

बाबा, डोळ्यांपुढं अजून तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडवे बसला आहात आणि माझ्या चित्रांच्या वहीचा पुठ्ठा कापत आहात. सुट्टीत मी नागपूरहून घरी आले की हे ठरलेलंच असे. पुठ्ठ्यावर इंजिनाचं एखादं झाकण पालथं ठेवायचं, पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढायची, मग मायची कात्री मागायची. माय म्हणायची, माझी कात्री कापडाची हाये, लोखंडाची नाई. तुम्ही म्हणायचे, मी बी कापडच कापून रायलो, गाडीचं. कापून झालं की तो पुठ्ठा जवसाच्या तेलात बुडवून चुलीपाशी वाळत ठेवायचा. दोन लोखंडांच्या मध्ये बसून तेल अडवणारं ते पॅकिंग कलकत्त्याहून मागवलं तर पार्सलाचाच खर्च जास्त, म्हणून माझ्या वह्या उघड्यानागड्या शाळेत परत जायच्या. सिस्टर विचारायच्या, तुझ्या वहीला अंगरखा का नाही? मी सांगायचे, तो आमच्या लॉरीला घातला. त्या हसायच्या. मला तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

बसऱ्याच्या लढाईत तुम्ही लष्करी गाडी चालवायला शिकलात आणि एक पाय थोडा आखूड घेऊन परत आलात. तो पाय तिथल्या इस्पितळात सिस्टरांनी वाचवला, म्हणून मुलगी सिस्टरांच्याच शाळेत जाईल असं तुम्ही ठरवलंत. आणि लष्करानं लिलावात काढलेली जुनी लॉरी घ्यायला कामठ्याची चांगली धानाची बांधी विकलीत. भावकीनं बोल लावला तो बांधीपेक्षा मुलीच्या शाळेसाठी जास्त. माळव्यातून आलेल्या आपल्या लोकांत जमीन विकणारा वेडा, पण मुलीला मडमिणींकडं धाडणारा त्याहून वेडा. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैलांची शिंगं रंगवायचं, तेव्हा तुम्ही लॉरीला धुऊन हार घालायचे आणि त्या दिवशी तिला हँडल मारून चालू करायचे नाहीत. शेजारचे काका बांधावरून ओरडायचे, "पाटील, इचे शिंग कोठे हायेत? रंग कायले लावता?" तुम्ही म्हणायचे, "शिंग नाई, म्हणून त सावकार इले भेत नाई."

तुम्ही गाडीचा हिशेबही शेतकऱ्यासारखाच ठेवलात. प्रत्येक खेपेच्या भाड्यातून आधी पेट्रोलचं काढायचं, मग गाडीचं बियाणं, आणि उरेल ते घराचं. ते बियाणं एका पुरचुंडीत बांधून तुम्ही ढोलीत, म्हणजे शेणानं सारवलेल्या कणगीत ठेवायचे, खऱ्या बियाण्याच्या धानात, कोपरापर्यंत हात खुपसून. आपल्याकडं घरात चूल पेटली नाही तरी ढोलीतल्या बियाण्याला हात लागत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळं ते पैसे पेटीत राहिले नसते इतके तिथं सुखरूप होते. त्यातून चाकावरचा पाटा तुटला तर लोहाराकडून नवा करून घ्यायचा, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बिघडला तर नागपूरला धाडायचा. पावसाळाभर गाडी छपरात उभी असायची, भाडं नसायचं. आपण भाताची पेज प्यायचो, आणि त्याच दिवसांत तुम्ही तिचं इंजिन उघडून बसायचे. एकदा माय म्हणाली, लेकराच्या पोटात पेज अन् गाडीच्या पोटात रुपये. तुम्ही तुमच्या बोटांच्या कातडीत शिरलेलं काळं तेल राखेनं घासत बसलात.

मग ते वर्ष आलं, धान अर्धंच पिकलं तेव्हाचं. गिरणीतला तांदूळ नाही, तर गोंदियाच्या मालधक्क्यावर न्यायला ओझं नाही. माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. मी म्हटलं, मी घरीच राहते. तुम्ही ऐकलं नाहीत. मी चुलीपुढं बसले होते आणि तुम्ही ढोलीत हात घातलात, तो मला अजून दिसतो. हात बाहेर आला तेव्हा मनगटाला धानाची टरफलं चिकटली होती. माय म्हणाली, बियाणं खाऊन रायले का? तुम्ही म्हणालात, खाल्लं बियाणं उसनं भेटते, सुगीले फेडता येते. इथंच तुमची चूक झाली, बाबा. धानाचं बियाणं शेजारी उसनं देतो, पिकलं की सवाईनं घेतो. इंजिनाचं बेरिंग कोणी उसनं देत नाही, आणि ते सुगीपर्यंत थांबतही नाही.

बेरिंग झिजून गाडीतून टकटक येऊ लागली होती. त्या उन्हाळ्यात स्टेशनवरून घरी येताना तुमच्या शेजारी बसले होते, तेव्हा मलाही ती ऐकू आली. तुम्ही म्हणालात, म्हातारी खोकून रायली, पानाचा हंगाम काढून देईल. सालेकशाच्या जंगलातून तेंदूच्या पानांची पोती भरून येताना चढावर इंजिन फुटलं. गाडी रस्त्यातच उभी राहिली, आणि नेमका वळीव आला. ज्यांचा माल होता ते विडीवाले सेठ टांग्यातून आले, काळी पडलेली पानं हातात चुरली आणि म्हणाले, "भैया, पत्ते तो गये। अब गाड़ी ही बची है।" आरडाओरडा झाला नाही, भांडण झालं नाही. भिजलेल्या पानांच्या भरपाईत लॉरी सेठची झाली. सेठनी तिचं इंजिन नागपूरहून करून आणलं आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून तुम्हालाच ठेवलं. चांगला ड्रायव्हर आणखी कुठं मिळणार?

पुढचं मला कुणालाच नीट सांगता येत नाही. पहिला पगार घेऊन तुम्ही घरी आलात, आणि जेवायच्या आधी गाडीचं बियाणं ठेवायला ढोलीपाशी गेलात. मायला वाटलं, जुनी सवय आहे, जाईल. गेली नाही. सेठ डागडुजीला टाळाटाळ करायचे, आणि तुम्ही तुमच्या पगारातून ब्रेकचं कातडं आणायचे, वंगणाचं तेल संपलं की तेही आणायचे. शेवटी मायनं ताट पुढं ठेवता ठेवता विचारलंच.

"गाडी सेठची, अन् पैसा आपला? कायले?"

"सेठची असन," तुम्ही म्हणालात. "मोडन त माझ्याच हाताखाली मोडन ना."

मायनं भातावर वरण वाढलं. थंडीतल्या तापात तुम्ही गेलात तेव्हा मी गोंदियात मुलींना शिकवायला लागले होते. तिसऱ्या दिवशी सेठचा नवा ड्रायव्हर हँडल न्यायला दारात आला. मायनं हँडल पुसून दिलं, आणि मग आत जाऊन ढोलीतली पुरचुंडीही आणून त्याच्या हातावर ठेवली. म्हणाली, बेरिंगचं पाह्यजो. त्यानं पाहिलं की नाही, कोण जाणे. त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता. पुढच्या उन्हाळ्यात लॉरी तिरोड्याच्या बाजूला रस्त्याकडेला सांगाडा होऊन पडली होती असं ऐकलं. मी पाहायला गेले नाही.

आता तुमचा नातू, माझ्या चुलत भावाचा मुलगा, गाडीवाला झाला आहे. या दुसऱ्या लढाईनंतरही लष्करी गाड्यांचे लिलाव झाले, तसाच त्यानंही घेतला ट्रक, आणि तोही अर्ध्याहून जास्त कर्जावर. सगळीकडं पुढच्या महिन्यात गोऱ्यांचा झेंडा उतरणार म्हणून गडबड आहे, आणि हा महिन्याच्या हप्त्याच्या काळजीत. गेल्या आठवड्यात दारात ट्रक उभा केला, इंजिन बंद करायच्या आत मी ओळखलं. तीच टकटक, बाबा. मी म्हटलं, अरे, गाडीचं बियाणं बाजूला काढतोस की नाही? तो हसला. म्हणाला, "आत्याबाई, हप्ता भरून रायलो त बियाणं कोठून काढू? तुमच्या वक्ताले हप्ता नोयता." खरं आहे. तुम्ही निदान स्वतःची चूक करायला मोकळे होता.

मीही एक पुरचुंडी ठेवली होती. मायची ढोली माझ्या खोलीत कोपऱ्यात आहे, धान नाही, पण आहे. त्यात माझ्या सरणाच्या लाकडांचे आणि तेराव्याचे पैसे होते, कारण मला पोरबाळ नाही आणि कुणावर ओझं नको होतं. ते मी त्याला दिले, बेरिंग कर म्हणून शपथ घालून दिले. काल ट्रक शाळेवरून गेला. मुलींना कविता सांगत होते, ती थांबवून ऐकलं. टकटक तशीच होती. पैसे हप्त्यात गेले असणार. मी त्याला विचारणार नाही. विचारलं तर तो खोटं बोलेल, आणि ते त्याला नीट जमत नाही.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून जे सांगितलं ते मला आधीच कळलं होतं. माझीही टकटक तीच आहे. म्हणून ठरवून ठेवते. तुमचे नटबोल्टाचे पाने आणि तो आखूड दांड्याचा हातोडा नातवाला द्यावा, गाडी गेली तरी पाने विकू नये असं सांगून. मायची कात्री त्याच्या बायकोला, ती कापडच कापते. सिस्टरांनी दिलेली इंग्रजी पुस्तकं आणि चष्म्याचं घर शाळेला. पुठ्ठा नसलेल्या माझ्या दोन वह्या माझ्याबरोबर जाळाव्यात. ढोलीही तिनंच न्यावी, दुसऱ्या कुणी त्यात हात घालू नये, आणि शेणानं सारवून धानाला वापरावी. लाकडांच्या पैशांचं काय, असं कुणी विचारलं तर, बाईंनी ढोलीत ठेवलेत, असं मी शेजारणीला सांगून ठेवलं आहे, म्हणजे कुणी नातवाकडं बोट दाखवणार नाही. ढोलीत काही नाही, बाबा. हे तेवढं तुम्हालाच सांगते.