आरशापुढची लाल डबी

मंगळवार, संध्याकाळ. मिठबाव, देवळामागे.

नाटकाला अवकाश आहे म्हणून खरडतोय. डोकं ठिकाणावर नाही.

दशावतारात बारा वर्षं मी राजाच केला. आज मालक म्हणाले, "तू राक्षस कर. राजा बाबलो करतलो."

"कित्याक?"

"तुझो आवाज बसलो आसा."

माझा आवाज खणखणीत आहे! आमच्यात संहिता नसते, पार्टही ऐन वेळी वाटतात. मग वाटण्याआधीच राक्षसाच्या लाल रंगाची डबी माझ्या आरशापुढे कशी? म्हणजे सगळं आधीच ठरलेलं. हे बाबल्याचंच काम. एरवी राक्षस तोच करतो, आणि आठवडाभर माझ्याशी फारच गोड बोलतोय.

शेवटी त्याला विचारलंच, "ती लाल डबी हंय कोणी ठेवल्यान?"

तो हसला. "तूच नेलंस मा दुपारी, माझ्या पेटयेतसून! मालकांनी पण बघल्यानी, म्हणान तुका राक्षस दिल्यानी."

मी? मी कशाला नेईन? राजाने कायम न्यायी असायचं, कधी चिडायचं नाही, याचा काय मला कंटाळा...

आत्ता तोंड रंगवून झालं. लाल रंग लावताना हात कुठेच अडला नाही. आरशातला राक्षस पाहिला. बारा वर्षांत राजाचा चेहरा इतका आपला कधी वाटला नव्हता.