पुढे अंक मांडता येत नाही

१२ नोव्हेंबर, सकाळ

चि. बंड्यास,

ताईचे आशीर्वाद. तुम्ही दोघं बरी असाल. तू फोन उचलत नाहीस, उचललास तरी कापतोस, म्हणून लिहितेय. पत्र निदान मधेच कापता येत नाही. माझी शाळा चालू आहे, गुडघा कुरकुरतोय, बाबा बरे आहेत.

म्हणजे तसे बरे. जेवतात, झोपतात. परवा डॉक्टरांनी नाव विचारलं, तर अभ्यास न केलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस! मग मीच म्हटलं, "बाबा, आपला आकडा सांगा." लगेच म्हणाले, "सात तीन नऊ तीन नऊ." आणि थांबले. पुढचे एक, तीन, तीन गेले.

जेवणाआधी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर ते ७३९३९१३३ लिहायचे, आठवतं ना? मूळ संख्या, कशानंच भाग जात नाही. शेवटचा अंक पुसला तरी उरलेली मूळच. पुसत पुसत थेट सातापर्यंत. तू हटकून तेरानं भागायला बसायचास आणि बाबा म्हणायचे, "घाल, घाल, आज तरी जाईल!" भात थंड व्हायचा.

तुमचं बाळ गेलं तेव्हा बाबा जे बोलले, ते मी दारात उभी राहून ऐकलं होतं. "त्या आकड्यापुढे कुठलाही अंक मांड, तो फुटतो, त्याला भाग जातो. तो तिथंच पूर्ण होतो." तुला वाटलं, आपला वंश संपला म्हणतायत. तू ताटावरून उठलास तो गेलासच. अरे, ते बाळाबद्दल बोलत होते. इवलंसं आयुष्य, पण अर्धवट नव्हे, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. आकड्यांवाचून कुणाचं सांत्वन करणं त्यांना कधी जमलंच नाही.

गेल्या आठवड्यात मोरी तुंबली म्हणून प्लंबर आला होता. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच केस विरळ झालेला. बाबांनी त्याचा ओला हात घट्ट धरला. "बंड्या, चुकलं रे माझं. गणित सांगायची वेळ नव्हती ती."

तो बिचारा गांगरला. माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "असू द्या हो बाबा. मी कुठे रागावलोय?"

बाबा खूप रडले, मग शांत झोपले. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही.

तर तुझ्या वतीनं माफी देऊन झाली, बंड्या, तुला न विचारता. चिडायचं तर चीड. बाबांसाठी धावत ये असं आता मी म्हणणार नाही. ते तुला ओळखतील असं वाटत नाही. मलाही ओळखत नाहीत. कामाला ठेवलेली बाई समजतात. मी जेवू घातलं की आभार मानतात आणि म्हणतात, "तुम्ही निघा आता, घरी कुणी वाट बघत असेल."

कुणी नाही रे. या घरात मला ताई म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तेवढ्यासाठी ये.

तुझी,
ताई