आमच्या गल्लीतले माग

हैदराबाद, ४ फेब्रुवारी २०२५

ती. बुधरीबाईले,

धाकट्या भावाचा, सुकलूचा सेवा जोहार.

फोनवर तू नुसती रडत होतीस, म्हणून ही चिठ्ठी. आपली गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटची होणार अन् दारातलं मोहाचं झाड तोडणार, हे ऐकून मले जेवण गेलं नाई. बाबा दिवसभर बसतील कुठी?

मी इथी ज्या कॉलनीत फरशा बसवून राह्यलो, तिथला रस्ता बाराच फुटाचा. दोन्ही कडेले माती, झाडं, बसाले ओटे. मधात कडुनिंब आला, तर रस्त्यानंच वळण घेतलं. वळण आलं की गाडीवाला आपसूक हळू होते, पोरं बिनधास्त खेळतात. आमचे लियाकत मिस्त्री म्हणतात, रस्ता रुंद केला की सिमेंट जास्त, ऊन जास्त अन् गाडीवाल्याची मस्तीही जास्त. काय माणूस आहे! तू नगरपंचायतीच्या साहेबाले सांग, बारा फूट पुरते.

बाबाले सांगू नको. म्हणतील, जंगलातून पळाला अन् आता इंजिनिअर झाला.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा सुकलू

अहेरी, १९ फेब्रुवारी

चि. सुकलूले,

बुधरीचा जोहार अन् कानाले एक चिमटा.

चिठ्ठी मी बाबालेच वाचून दाखवली. साहेबानं माझं ऐकलं नव्हतं. म्हणाला, गाड्या वाढल्या, अख्खी गल्ली लागते. बाबा वनखात्यात होते तवा वाघाचे माग, म्हणजे पायाचे ठसे, घ्यायच्या आधी करत, तशी त्यांनी सकाळीच गल्लीतली धूळ सपाट केली. शेजारच्या मंगलीकाकूनं बाबाले विचारलं, बुधूभाऊ, वाघ येऊन राह्यला काय?

दुसऱ्या दिवशी साहेबाले बोलावून काडीनं दाखवलं. चाकं सगळी मधल्या दहा-अकरा फुटात, पाण्याच्या टँकरचीही. कडेले फक्त पोरांचे, कोंबड्यांचे अन् पाण्याचे गुंड घेऊन जाणाऱ्या बायांचे पाय. साहेब उकिडवा बसला, टेप लावला अन् मानला. मोह वाचला रे! रस्ता बारा फुटाचा, वाचलेल्या सिमेंटात नाली.

पण मोहाजवळचं वळण काढणं इथल्या मिस्त्रीले जमत नाई. बाबा म्हणे, गल्लीतल्या सगळ्यांचे माग सापडले, एकाचाच नाई.

सगळ्यांची आठवण ठेवजो.

बुधरी

हैदराबाद, २६ फेब्रुवारी

बाई, जोहार.

लहानपणी बाबा माग शिकवत अन् मी कंटाळून पायानं पुसून टाकत होतो. तुझी चिठ्ठी लियाकत मिस्त्रीले ऐकवली. त्यांनी थापी खाली ठेवली. म्हणाले, तुझा बाप माझाही उस्ताद.

परवा निघतो. वळणाची दोरी मीच धरीन. बाबाले सांग, दारापुढची धूळ सपाट करून ठेवा.

सुकलू