दोनदा हात आपटला की

मु. पो. भवानीनगर, ता. इंदापूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

वृषालीस,

धाकट्या जावेला लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. माझ्या मनात नाही, म्हणून लिहिला नाही. आम्ही सगळे मजेत. तुम्हीही मजेतच असाल, कारण भावजींनी सरकवलेला बांध अजून आमच्या रानात आहे आणि त्यावर लावलेल्या शेवग्याला शेंगा लागलेल्या मी रोज बघते.

बोलणं बंद असल्यामुळं कागद करावा लागतोय. मोबाइलवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझ्याच हातात असतो की नाही, ते आता मला सांगता येत नाही. हे पाकीट आपल्या क्लासच्या योगिनी मॅडमकडं देणार आहे.

आधी कालचं. बारामतीच्या त्या हॉलमध्ये तुला बघितलं आणि मी जिन्यातनंच परत फिरणार होते. मला डॉक्टरांनी शुगर सांगितली, वजन उतरवा म्हणाले, आणि पोरीनं परस्पर माझं नाव घातलं. ग्रॅपलिंग म्हणजे जमिनीवरची झटापट, हे मला तरी कुठं माहीत. वाटलं, दोरीच्या उड्या मारायला लावतील. पण तू? गावभर सांगतेस शिवणक्लासला जाते, आणि खांद्याला तीच पिशवी, वर कापडाचा तुकडा मुद्दाम दिसेल असा ठेवलेला. म्हटलं, हिची खोटं बोलायची खोड काही जात नाही.

मॅडमनी शाळेतल्यासारखी सगळ्यांची नखं तपासली. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढायला लावली. पहिल्याच दिवशी मारामारी शिकवतील म्हणून आलेल्या बायकांचं तोंड उतरलं, कारण अर्धा तास नुसतं पडायला शिकवलं. मग पाठीवर झोपून ढुंगणानं सरकत मॅटच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. माझा दम मध्येच संपला. तू भराभर गेलीस, तेही मला सोसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "कुस्तीत पाठ टेकली की संपलं. हितं पाठ टेकल्यावर सुरू होतं." आणि एक नियम सांगितला. पकड सोसेना झाली की हात दोनदा आपटायचा, समोरचीच्या अंगावर नाहीतर मॅटवर. आपटला की तिनं त्या क्षणी सोडायचं. का म्हणून विचारायचं नाही.

मग वजनावर जोड्या लावल्या. आपलं वजन सारखं निघालं. आडनाव बघून मॅडम हसल्या, "घरच्याच दिसताय. मग लाजायचं न्हाय."

खोटं कशाला सांगू, तुझ्या पोटावर बसायला मिळालं तेव्हा मला बरं वाटलं. आत्याबाईंच्या दहाव्याला चारचौघांत तू म्हणालीस, थोरलीनं म्हातारीला उपाशी मारलं. ज्या सासूचं हागणं-मुतणं मी काढलं, तिच्या दहाव्याला. तेव्हापासनं असा एक दिवस मी मागत होते. मॅडमनी मनगट धरायला सांगितलं आणि मी हात पुढं केला.

तू आपटायला लागलीस. मी अजून धरलंही नव्हतं. डोळे मिटलेले, एक कोपर तोंडावर, आणि दुसरा हात मॅटवर आपटतोय, आपटतोय. "अहो, पकड तर लागू द्या," मॅडम म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. तुझी बाही वर गेली होती, ती तू ओढून घेतलीस. त्याचं मी इथं काही लिहीत नाही.

येताना एकाच एसटीत तू पुढं, मी मागं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, गाडी हलेना. तू सारखी घड्याळ बघत होतीस. मला वाटलं, शिवणक्लास सुटायची वेळ टळून चालली, चोरी पकडली जाईल म्हणून बघतेय. मनात म्हटलं, जाऊ दे पकडली. घरी येऊन भाकरी करायला बसले आणि दोन भाकरी करपवल्या.

वृषाली, बाहीखालचे ते वळ माझ्या हाताचे नव्हते. माझा हात तिथवर पोचलाच नव्हता. चार बोटं आणि अंगठा. काही ताजे, काही पिवळे पडलेले. एवढ्या गरमीत पुऱ्या बाह्या कशाला, तेही कळलं. आणि तो टीव्ही. घराची वाटणी होऊन मध्ये भिंत आली, तेव्हापासनं तुमचा टीव्ही मध्येच एकदम मोठा होतो म्हणून मी लाटण्यानं भिंत बडवते आणि आळीभर तुला शिव्या घालते. मला वाटायचं, मला खिजवायला तू आवाज वाढवतेस. आवाज तू वाढवत नव्हतीस.

भावजी मला कधी मान वर करून बोलले नाहीत. आज सकाळी दारात भेटले. म्हणाले, "वैनी, तब्येत बरी हाय का?" मी पाठ फिरवून आत आले. माझ्या हातचं खाऊन तो माणूस मोठा झालाय, ह्याची मला किळस आली.

आता नीट वाच. मला तुझी कीव आलेली नाही. बांधाची मोजणी मी करून घेणारच. दहाव्याचं बोलणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि माफी मागायला आलीस तर दार लावून घेईन. पण हे वेगळं. तुझं माझं जे काही आहे ते मी मॅटवर, नियमानं काढीन. दुसऱ्या कुणी तुला हात लावायचं काम नाही.

दर मंगळवारी येत जा. जोडी माझ्याशीच लाव. आमच्या ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, सांगायचं का ते तू ठरव. हे हॉलमध्येच वाचून तिथंच फाड, पिशवीत घालून घरी नेऊ नकोस.

आणि घरी सोसेना झालं की भिंतीवर हात आपट. दोनदा पुरे. टीव्ही कितीही मोठा असू दे, माझा ओटा त्याच भिंतीला आहे, मला कळतं. तो सोडत नसंल तर सोडवायला मी हाय.

बोलणं बंदच.

रोहिणी